रिव्हर्समधली प्रदक्षिणा

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात तंजावरी मराठी लोकांच्या चालीरीतींवर एक लेख आला होता. अंकाचं नाव घेत नाही; मला या वयात भांडण नको. माझी सून साताऱ्याकडची. माहेराहून येताना ती दर वर्षी चार अंक आणते आणि दुपारी मला वाचून दाखवते. मलाही देवनागरी वाचता येतं, पण गावच्या बससारखं, प्रत्येक अक्षरापाशी थांबत थांबत. तर ती वाचत होती आणि मी कॉफी पीत होतो. लेखकाने लिहिलं होतं की कुंभकोणमच्या बाहेर, पट्टीश्वरमच्या रस्त्यावर, एका वळणावर वडाखाली गणपती आहे. तिथले मराठीभाषक वाहन उलटं चालवत त्याला प्रदक्षिणा घालतात. देवाला पाठ न दाखवण्याची ही रीत मराठी राजांच्या रथांपासून चालत आली असावी.

कॉफी माझ्या नाकात गेली.

"मामंजी, पाणी आणू?" सून म्हणाली.

"पाणी नको. कागद आण."

ती रीत कोणत्याही राजाच्या रथापासून आलेली नाही. एका जुन्या पिकअपच्या गियरबॉक्समध्ये एका बोल्टला तार ओवायची राहिली, तिथून ती आली. तो बोल्ट मी बसवला होता. आणि त्या रीतीपायी एका बाईचा हात मोडला, हे लेखकाला ठाऊक नाही, मला आहे. म्हणून हा खुलासा. भाषा सुनेने नीट केली आहे. चूक माझीच आहे.

कुंभकोणमात मला 'मेकॅनिक रायर' म्हणतात. आमच्या लोकांना तमिळ शेजारी 'रायर' म्हणतात, आणि रायर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शाळामास्तर येतो, पोस्टमास्तर येतो, नाहीतर उत्तम आचारी. गाडीखालून सरपटत बाहेर येणारा रायर त्यांना पचत नसे. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक माझ्या काळ्या हातांकडे बघे, मग जानव्याकडे बघे आणि विचारे, "मालक कुठे आहेत?"

माझं खास काम जुन्या पिकअपच्या गियरबॉक्सचं. तांदूळ, केळी, पितळेची भांडी, विड्याची पानं, काय वाटेल ते या गाड्या वाहत. मालक मरेपर्यंत त्या चालत, आणि मग मुलगा चालवी.

ज्यांनी गियरबॉक्स उघडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेलात बुडालेली दातेरी चाकं असतात, लहान-मोठी. लहान चाकाने मोठं फिरवलं की जोर मिळतो, मोठ्याने लहान फिरवलं की वेग. तुम्ही हातात धरता तो दांडा त्या चाकांना शिवतसुद्धा नाही. तो वरच्या झाकणातल्या सळ्या पुढेमागे ढकलतो. प्रत्येक सळीवर एक काटा असतो, आणि तो काटा चाकाला सरकवतो. काटा सळीवर घट्ट राहतो तो एका लहानशा बोल्टने. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक असतं. त्यातून मऊ तार ओवायची, पिळायची, म्हणजे थरथरीने बोल्ट सैल होत नाही. अख्ख्या गाडीत या तारेइतकी क्षुल्लक वस्तू दुसरी नाही.

देखभाल म्हणाल तर एकच: तेल बघा. बाजूचं बूच काढा, करंगळी घाला. बोटाला तेल लागलं पाहिजे आणि त्याला जळका वास येता कामा नये. तेलात पिवळी चमक दिसली की आमचं गिऱ्हाईक खूश होई. पितळेचं गाव ना! मी मात्र कपाळाला हात लावी, कारण ती चमक म्हणजे आतल्या पितळी कड्यांची झीज. पण लोक आपणहून तेल बघत नसत. एक केळीवाला होता, त्याचा तिसरा गियर आपोआप सुटे. त्याने सायकलच्या ट्यूबने दांडा सीटला बांधून टाकला होता. तो माझ्याकडे आला तो तक्रार घेऊनच.

"रायरे, ट्यूब सैल पडलीय. नवी घालून द्या."

आता मूळ गोष्ट. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. व्यंकोबा अण्णा म्हणजे माझ्या बायकोचा थोरला भाऊ, लग्नामुंजींचा आचारी. त्याच्या पिकअपमध्ये माणूस उभा राहून अंघोळ करील एवढे हंडे असत. तिचा गियरचा दांडा खिरीतल्या डावासारखा कुठेही फिरे. मी गियरबॉक्सचं झाकण काढलं, झिजलेले काटे बदलले, बोल्ट आवळले आणि तारा ओवायला घेतल्या. रिव्हर्सच्या काट्याची तार तेवढी राहिली होती तेव्हा घरून निरोप आला की जेवण गार होतंय. जेवून आलो आणि झाकण बसवून टाकलं. यात बायकोचा काहीही दोष नाही. हे वाक्य तिनेच घालायला लावलं आहे.

दुसऱ्याच दिवशी पट्टीश्वरमला मोठ्या घरची मुंज होती. अण्णाचा ड्रायव्हर तापाने पडला, म्हणून गाडी मी घेतली. खरं सांगायचं तर मला माझं काम मिरवायचं होतं. नवी वेष्टी नेसलो, कपाळाला गंध लावलं आणि पान्ह्यांची पिशवी घरी ठेवली. पंगतीला जाणारा माणूस पान्हे कशाला नेईल?

मागे हंड्यांत सांबार, रसम, पायसम. गाडी लोण्यासारखी चालली होती. वडाचं वळण ओलांडलं आणि अण्णा ओरडला, "नारळ! पिल्लैयाराला नारळ फोडला नाही!"

पिल्लैयार म्हणजे आपला गणपती. आमच्याकडे वाटेतल्या पिल्लैयाराला नारळ न फोडता पुढे गेलेली गाडी आचाऱ्याला चालत नाही. मी रिव्हर्स टाकला, मागे आलो. अण्णाने उतरून वडाखालच्या पोन्नम्माकडून नारळ घेतला. ती तिथे फुलं आणि नारळ विकत बसे. नारळ फोडला, अण्णा येऊन बसला. मी पहिला गियर टाकला. गाडीने गचका दिला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा सुरू केलं. दांडा मधोमध न्यूट्रलला आणला, क्लच हळूच सोडला, आणि गाडी मागे जाऊ लागली.

न्यूट्रलमध्ये गाडी मागे! मला तत्क्षणी ती तार आठवली. बोल्ट सुटला होता. सळी परत आली होती आणि काटा रिव्हर्सलाच राहिला होता.

"काय जाहलं की?" अण्णाने विचारलं.

"रिव्हर्स सुटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी आता फक्त मागे जाणार."

"मुंज पुढे आहे, माप्पिळ्ळै!" जावयाला, मेहुण्याला आमच्याकडे असं म्हणतात. त्या क्षणी तो मला दुसरंही काही म्हणू शकला असता.

रस्ता अरुंद, दोन्हीकडे पाण्याचे पाट आणि भातखाचरं. गाडीची शेपूट पट्टीश्वरमकडे करायची तर वळायला एकच जागा होती, वडाभोवतीचं अंगण. तिथे बसची वाट बघणारी माणसं उभी. मी गाडी मागेमागे त्या अंगणात घातली. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, पिल्लैयार आला डावीकडे. मला काही दिसेना. अण्णाने डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अण्णा, काय दिसतंय?"

"देव दिसतोय!"

"देव सोडून?"

"देवाची भिंत! उजवीकडे घे, उजवीकडे!"

मागे झाकणं ताशासारखी वाजत होती, सांबार डचमळत होतं. मी मराठीतून शिव्या देत होतो. गियरला, बोल्टला आणि सर्वांत जास्त स्वतःला. असे आम्ही पिल्लैयाराभोवती पूर्ण फिरलो. एकदाची शेपूट पट्टीश्वरमकडे झाली. बसची माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. पोन्नम्मा पुढे आली आणि तिने विचारलं, "रायरे, हे काय चाललंय?"

मी तोंड उघडलं होतं, पण अण्णा माझ्या आधी बोलला. आचाऱ्याची गाडी मुंजीला जाताना देवासमोर बंद पडली अशी बातमी पसरली असती तर त्याला पुढे कोणी शुभकार्याला बोलावलं नसतं. त्याने हात जोडले आणि शांतपणे तमिळमध्ये सांगितलं, "आम्हा मराठी लोकांची रीत आहे. पिल्लैयाराला पाठ दाखवायची नाही. राजांच्या काळापासून चालत आलीय."

सगळे माझ्याकडे वळले. मी मान हलवली. थाप त्याची, सही माझी.

उरलेली वाट आम्ही उलटेच गेलो. मुंजीच्या घरी गाडी थेट मागच्या बाजूने स्वयंपाकाच्या दारापाशी लागली. यजमान म्हणाले, "वा! याला म्हणतात आचारी. उतरवायला किती सोयीचं!" पंगत बसली तेव्हा मी पाण्याच्या पंपाच्या मेकॅनिककडून पान्हे मागून आणले, झाकण उघडलं, बोल्ट आवळला आणि मांडवाच्या केळीच्या खांबाची तार काढून त्यात ओवली. पायसम मला मिळालं नाही. ती शिक्षा फारच थोडी होती.

आम्हाला वाटलं, विषय संपला. पण बसमधल्या लोकांनी तो गावोगाव नेला. त्यात अण्णाच्या पिकअपला पुढे कित्येक वर्षं काही झालं नाही. होणार कसं? तार ओवली होती ना! पण लोकांनी श्रेय प्रदक्षिणेला दिलं. आधी एक टॅक्सीवाला नवी गाडी घेऊन उलटा फिरला. मग तांदळाच्या गिरणीवाले. मग मुहूर्त बघून येणारी कुटुंबं. चोळपुरमचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, मागे ट्रॉली जोडलेली. ट्रॉली उलटी वळवणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्याने ती वडाला अशी गुंडाळली की सोडवायला अर्धं गाव लागलं. त्याने मात्र तो प्रसादच मानला.

आमचे लोकही मागे राहिले नाहीत. तिरुविसनल्लूरचे एक दूरचे काका एका लग्नात मला अभिमानाने म्हणाले, "माझे आजे बैलगाडीने अशीच प्रदक्षिणा घालीत." बैल उलटे कसे चालवीत, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. माझ्याइतकं दुसऱ्या कोणालाच ते विचारता आलं नसतं.

इथे माझी खरी लाज आहे. रिव्हर्सचा गियर घटकाभर वापरण्यासाठी असतो. गाडी दारातून काढली, वळवली, संपलं. त्यावर अर्धा क्लच दाबून कोणी मोठी प्रदक्षिणा घालू लागला की क्लच जळतो आणि रिव्हर्सची चाकं ओरडतात. असल्या गाड्या कोणाकडे येणार? माझ्याकडे. जळका वास आला की मी विचारी, "वडाच्या पिल्लैयाराकडे जाऊन आलात का?" गिऱ्हाईक चकित होई. "रायरे, तुम्हाला कसं कळलं?" मी गूढ हसे. माझी कीर्ती वाढली. आजार पसरवायचा आणि औषधही विकायचं, असा तो धंदा होता. मी रोज ठरवी की आज सांगून टाकू, आणि रोज दुसरा क्लच दारात उभा असे.

नव्वदच्या दशकात एकदा कोणाच्या तरी नव्या व्हॅनची प्रदक्षिणा चालली होती. ड्रायव्हरचं सगळं लक्ष उजव्या आरशात होतं, आणि पोन्नम्माचं दुकान होतं डावीकडे, त्याच्या आंधळ्या बाजूला. अण्णाचं डोकं जसं बाहेर होतं तसं त्याच्या गाडीत कोणाचं नव्हतं. व्हॅन दुकानात शिरली. नारळ रस्त्यावरून पाटात गेले आणि पोन्नम्मा फळीखाली सापडली. उजवा हात मनगटाशी मोडला.

मी दवाखान्यात गेलो. हाताला प्लॅस्टर, डोक्याशी कोणीतरी ठेवलेली पिल्लैयाराची विभूती. मी स्टूल ओढलं आणि एका दमात सुरुवात केली.

"अक्का, एक सांगायचंय. ती रीत—"

"गियर अडकला होता. ठाऊक आहे मला."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तुम्ही शिव्या देत होतात," ती म्हणाली. "भाषा कळली नाही, सूर कळला. नवस फेडणारा माणूस असा बोलत नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"वडाखाली नारळ कोण विकतं, रायरे?"

मी म्हटलं, आता बास. उद्याच्या उद्या वळणावर उभा राहतो आणि सगळ्यांना सांगतो की हे खोटं आहे. तुझा हात गेला तो माझ्यामुळे. पोन्नम्मा तशीच डाव्या हाताने रेटा देऊन उठून बसली.

"सांगा. मग तिथे थांबणार कोण? बसची माणसं चणे घेतात, नारळ घेत नाहीत. माझ्या पोरींची लग्नं या येड्या प्रदक्षिणांवर झाली. धाकटा अजून शिकतोय. हात मोडला तो जुळेल. दुकान मोडलं तर काय जुळवू?"

"मग मी करू काय?"

"तुम्ही मेकॅनिक ना? बिघडलंय ते दुरुस्त करा. उचलून भंगारात कशाला टाकता?"

हे मला आजवर कोणत्याही गिऱ्हाईकाने इतक्या स्पष्टपणे सांगितलं नव्हतं.

मी अण्णाकडे गेलो. तो चुलीपुढे बसून मोठ्या कढईत तोंडली परतत होता. मी म्हटलं, "अण्णा, तुझ्या थापेचा सुटा भाग पाहिजे."

"कसला भाग?"

"अशी रीत सांग की गाडी पिल्लैयाराजवळ हलणारच नाही. नारळ मात्र फुटला पाहिजे."

अण्णाने डाव कढईच्या काठावर आपटला. "पहिली थाप मी घाईत मारली. आता तू मला विचार करून मारायला लावतोस?"

"पोन्नम्माचा हात मोडलाय."

त्याने परतणं थांबवलं. तोंडली खाली लागायला आली. मग म्हणाला, "आजोबांच्या वेळी लोक देवळापाशी आले की बैल सोडीत. सोडीत का नाही?"

"सोडीत असतील."

"झालं तर. बैल सोडायचे. तुमच्या गाडीत त्याला काय म्हणतात?"

"न्यूट्रल!" मी ओरडलो. अण्णाला गियरमधलं काही कळत नसे, पण त्या दिवशी त्याने माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली दुरुस्ती केली.

पुढच्याच लग्नाच्या पंगतीत सांबार वाढता वाढता अण्णाने लोकांना सुनावलं की आजकाल कोणाला धड रीत माहीत नाही. गाडी उलटी फिरवायची ती फक्त राजाच्या घरच्यांनी. इतरांनी बैल सोडायचे, म्हणजे इंजिन बंद करायचं, गियर न्यूट्रलला आणायचा, दांडा हलवून मोकळा आहे हे देवाला दाखवायचं आणि स्वतः पायी फिरायचं. हात बरा झाल्यावर पोन्नम्माने त्यात आपली भर घातली: निघताना पुन्हा गियर टाकण्याआधी आणखी एक नारळ. राजांच्या काळात तोही फोडत, असं ती सांगू लागली. एखादा हट्टी माणूस अजून उलटा फिरतो. त्या लेखकाला बहुतेक असाच कोणीतरी दिसला असावा. बाकीच्यांनी बैल सोडले.

दुसऱ्या थापेबद्दल मला पहिलीइतकं वाईट वाटत नाही, हे कबूल करतो. देवापुढे दांडा हलवताना ड्रायव्हरांना तो किती ढिला झालाय हे कळू लागलं आणि गियर फुटायच्या आधीच ते माझ्याकडे येऊ लागले. जे मी घसा फोडून सांगत होतो ते पिल्लैयाराने करून दाखवलं. पण पोन्नम्माचं मनगट सरळ बसलं नाही ते नाहीच. माळ ओवताना तिचा हात अजून मध्येच थांबतो. मी फुलं घ्यायला गेलो की ते बघणं टाळतो, आणि मी टाळतो हे ती बघते.

अण्णा आता नाही. हा लेख लिहायचं ठरवल्यावर मी मुलाच्या स्कूटरवर बसून वळणावर गेलो. दुकान आता पोन्नम्माची सून चालवते. पोन्नम्मा मागे खुर्चीवर बसून तिच्या चुका काढते. समोर एक नवी व्हॅन न्यूट्रलमध्ये उभी होती आणि अख्खं कुटुंब चपला काढून वडाभोवती फिरत होतं. मी पोन्नम्माला लेखाचं सांगितलं. म्हटलं, "खरं काय ते लिहून टाकावं म्हणतो. पण तुझ्या परवानगीशिवाय नाही."

तिने त्या कुटुंबाकडे पाहिलं. सून त्यांना दुसरा नारळ देत होती.

"कुठल्या भाषेत लिहिणार?"

"मराठीत."

"इथे ते वाचतं कोण?"

"मी, आणि माझी सून."

"तुमची सून नारळ कुठून घेते?"

"तुझ्याकडूनच."

"मग लिहा खुशाल," ती म्हणाली. "तमिळमध्ये लिहायची लहर आली तर आधी माझ्या सुनेला विचारा, आणि ती नाही म्हणेल."

मी हसत हसत स्कूटरकडे वळलो. तेवढ्यात तिने वाकड्या हाताने माझी बाही धरली आणि एक नारळ माझ्या हातात ठेवला. व्हॅनमधली मंडळी आमच्याकडे बघत होती. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं की हे म्हातारे मराठी गृहस्थ आहेत, ज्यांची ही रीत.

"फिरून या, रायरे," पोन्नम्मा हळूच म्हणाली. "लोक बघताहेत."

मी चपला काढल्या.